तिसरं पान

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले संचालक आणि मुख्य अभियंते, नवजात कक्षाचं काम बाजूला ठेवून मुद्दाम आलेल्या प्रमुख परिचारिका, आजच्या समारंभाचे सत्कारमूर्ती सर आणि मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या मातोश्री, म्हणजे मॅडमच्या सासूबाई, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावरून, एका दांपत्याला निरोप देण्याचा प्रसंग आपल्या संस्थेत पूर्वी आला नव्हता. आयोजकांनी मला विचारलं, दोघांवर वेगवेगळं बोलाल की एकत्र? मी म्हणालो, एकत्र. वेगवेगळं बोललो तर आधी कोणावर बोललो यावरून उद्या चर्चा होईल, आणि ती चर्चा कोणत्या पातळीला जाऊ शकते हे या सभागृहातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

मी प्रशिक्षण विभागाचा माणूस. समजावून सांगणं हा माझा व्यवसाय, आणि घरचे म्हणतात त्याप्रमाणे व्यसनही. त्यामुळे दोन गोड शब्द, पुष्पगुच्छ आणि रजा, एवढ्यावर मी थांबेन अशी अपेक्षा कोणी करू नये. सरांना आपण सगळे ‘लिहिणारे सर’ म्हणतो आणि मॅडमना ‘वाचणाऱ्या मॅडम’. नव्यानं आलेल्या मंडळींना वाटतं, सर कविता करत असतील आणि मॅडमना कादंबऱ्यांचा नाद असेल. तसं काही नाही. ही नावं एका चिपमुळे पडली, आणि ती चिप समजल्याशिवाय ही माणसं समजणार नाहीत. तेव्हा थोडा धीर धरा. फळा नाही, खडू नाही, परीक्षाही नाही.

मेमरी चिप म्हणजे काय? कपाटातल्या खणांची एक रांग. प्रत्येक खणाला क्रमांक, आणि प्रत्येक खणात एक आकडा. साध्या कपाटाला एकच दार असतं. ठेवायचं तरी त्याच दारातून, काढायचं तरी त्याच दारातून. एक आत असेल तर दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. आता याच कपाटाला मागूनही एक दार पाडलं तर? एक माणूस पुढच्या दारानं ठेवतोय, दुसरा मागच्या दारानं काढतोय, कोणाची कोणाला अडचण नाही. ही झाली दोन दारांची, म्हणजे ड्युअल-पोर्ट मेमरी. आणि सिंक्रोनस म्हणजे काय? तर या दारांवर शिस्त आहे. मनाला येईल तेव्हा हात घालता येत नाही. एक घड्याळ ठोके देत असतं. ठोका पडला की त्या क्षणी दारापाशी जो खणक्रमांक धरलेला असेल तोच खण उघडतो. ठोक्याच्या आधी घाई नाही, नंतर रेंगाळणं नाही. कवायतीसारखं.

किती सुंदर व्यवस्था आहे पाहा! मला तर इतक्या वर्षांनीही ती शिकवताना अंगावर काटा येतो. मॅडम हसताहेत. त्यांना माझा काटा माहीत आहे.

आता या सुंदर व्यवस्थेत एकच प्रश्न उरतो. ज्या ठोक्याला पुढच्या दारानं एका खणात नवा आकडा ठेवला जातोय, नेमक्या त्याच ठोक्याला मागच्या दारानं तोच खण वाचला, तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागेल? जुना आकडा, की नवा?

याच प्रश्नावरून या दोघांचं भांडण झालं.

आपलं नवजात बाळांचं देखरेख यंत्र तेव्हा आखणीत होतं. बाळाच्या अंगावरच्या संवेदकांकडून श्वास, नाडी आणि प्राणवायूचे आकडे घेऊन ते मेमरीत लिहायचे, ही सरांच्या गटाची बाजू. ते वाचून पडद्यावर दाखवायचे आणि गरज पडली तर धोक्याची घंटा वाजवायची, ही मॅडमच्या गटाची बाजू. मधे दोन दारांची एक छोटीशी चिप. छोटीशी हा शब्द सरांचा. एवढं सगळं काम सर्वांत लहान चिपमध्ये बसवून दाखवीन, असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं, आणि बसवलंही होतं. त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. तो इतका सार्थ होता की कँटीनमध्येही ऐकू यायचा.

सरांचं म्हणणं, एकाच वेळी लिहिणं-वाचणं झालं तर नवा आकडा मिळाला पाहिजे. शिळं कशाला वाचायचं? मॅडमचं म्हणणं, जुनाच मिळाला पाहिजे. अर्धवट शिजलेल्यापेक्षा शिळं परवडलं. दोन्ही मतं शास्त्रशुद्ध आहेत, चिपमध्ये दोन्ही पर्याय ठेवता येतात. पण दोन शास्त्रशुद्ध मतं एका घरात राहायला लागली की काय होतं? सर मॅडमना ‘मॅडम’ म्हणू लागले. एरवी ते नावानं हाक मारतात. मॅडम त्यांना ‘साहेब’ म्हणू लागल्या, जे त्याहून वाईट. घरी बोलणं बंद. निरोपांची सगळी ये-जा आजींमार्फत, म्हणजे सरांच्या मातोश्रींमार्फत.

आजींनी मला हा प्रसंग स्वतः सांगितला आहे आणि आज तो इथे सांगायची परवानगीही दिली आहे. एका दुपारी सरांनी घरी फोन करून सांगितलं की मी जेवायला येणार नाही. ते वाक्य संपतंय तोच दुसऱ्या फोनवर मॅडम, की मी आज लवकर येते. आजींनी एक फोन या कानाला, दुसरा त्या कानाला. संध्याकाळी नातीनं विचारलं, आईबाबा कधी येणार? आजी म्हणाल्या, लवकर येणार नाहीत. नात शेजारी जेवली, मॅडम लवकर घरी येऊन मुलीला शोधत बसल्या. जाब विचारला तेव्हा आजी दोघांना समोर बसवून म्हणाल्या, “मी काय तुमच्या दोघांमधली ती चिप आहे? दोन्हीकडून एकदम बोललात तर माझ्याकडे कोणीच न बोललेलं काहीतरी उरतं.”

जाणकार म्हणतील, हे दोन लेखनांचं भांडण झालं, लेखन-वाचनाचं नव्हे. मान्य. तरीही मी हे उदाहरण दरवर्षी वर्गात देतो, कारण याहून चांगलं मला सापडलेलं नाही.

अखेर मुख्य अभियंत्यांनी मधे पडून निकाल दिला, जुना आकडा. मॅडम जिंकल्या. यंत्र तयार झालं, चाचण्या झाल्या, सगळं सुरळीत. पहिलं यंत्र प्रयोगासाठी रुग्णालयाच्या नवजात कक्षात गेलं.

आणि एका सकाळी प्रमुख परिचारिकांचा निरोप आला. श्वास थांबल्याची घंटा वाजली. त्या धावत गेल्या. बाळ गाढ झोपलेलं, श्वास व्यवस्थित. पडद्यावर क्षणभर शून्य दिसलं होतं, मग पुन्हा नेहमीचा आकडा. काही दिवसांनी पुन्हा तसंच. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते आम्हा सर्वांच्या काळजाला लागलं. त्या म्हणाल्या, आमच्या मुली तीनदा धावतील, चौथ्यांदा चालत जातील, आणि पाचव्यांदा कोणीतरी त्या घंटेचा आवाज बंद करील. त्या मुलींना मी दोष देणार नाही. पण ज्या बाळाची घंटा खरी असेल, त्याचं काय?

हा प्रश्न टेबलावर ठेवून सभा बसली. सरांच्या गटानं नोंदी तपासल्या होत्या, शून्य त्यांनी कधीच लिहिलेलं नव्हतं. मॅडमच्या गटानंही तपासलं होतं, शून्य त्यांनी वाचलेलं होतं. दोन्ही खरं. सर म्हणाले, “मॅडम, आम्ही न लिहिलेलं वाचायची विद्या तुम्ही शिकलात तरी कुठे?”

मॅडम म्हणाल्या, “सासरी.”

त्या दिवशी सभा तिथेच संपली. आजी, आपण हसताहात हे पाहून बरं वाटलं.

पुढचे काही दिवस मॅडम नोंदी उघडून बसल्या. जिथे जिथे आकडा चुकला, तिथे त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, एवढंच त्या पाहत बसल्या. आणि त्यांच्या ध्यानात आलं की चुकीचा आकडा बहुतेक वेळा मिनिटाला एकतीस आणि बत्तीस श्वास यांच्या उंबरठ्यावर येतो. कधी शून्य, कधी त्रेसष्ट. असं का व्हावं?

इथे माझ्या आनंदासाठी मला अर्धं मिनिट द्या. खणातला आकडा म्हणजे दिव्यांची एक ओळ समजा. सहा दिवे. एकतीस लिहायचे तर पहिला दिवा विझलेला, बाकीचे पाचही पेटलेले. बत्तीस लिहायचे तर पहिला पेटलेला, बाकीचे पाचही विझलेले. म्हणजे एकतिसाचे बत्तीस होताना सगळेच्या सगळे दिवे बदलतात. आता हे दिवे अगदी एकाच निमिषात बदलत नाहीत, कोणी किंचित आधी, कोणी किंचित मागून. नेमक्या त्या अवस्थेत मागच्या दारानं कोणी डोकावलं, पाच दिवे विझलेत आणि पहिला अजून पेटायचा आहे, तर त्याला काय दिसेल? सहाही दिवे विझलेले. शून्य. आणि उलट झालं तर सहाही पेटलेले, त्रेसष्ट. म्हणजे बाळाचा श्वास एकतिसावरून बत्तिसावर जातोय, उत्तम चाललंय, आणि यंत्र सांगतंय की श्वास थांबला.

मग हे आपल्या चाचणीत का दिसलं नाही? आपल्या टेबलावर सोयीसाठी आपण दोन्ही दारांना एकाच घड्याळाचा ठोका जोडला होता. एकाच ठोक्यावर चालणारी दोन दारं शहाण्यासारखी वागतात; तिथे जुना-नवा हा पर्याय खराखुरा असतो. पण प्रत्यक्ष यंत्रात लिहिणाऱ्या बाजूचं घड्याळ वेगळं, वाचणाऱ्या बाजूचं वेगळं, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. चिप बनवणाऱ्यांनी माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं. आपण सगळ्यांनी ते वाचलेलं होतं. टेबलावर सगळं नीट चालताना ते कोणाला आठवणार?

मॅडम सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मी जिंकलेला वाद मी परत करते. जुना चालेल, नवाही चालेल. जो कधी नव्हताच तो आकडा चालणार नाही. आपण दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडलो.

सर उठून उभे राहिले. खिडकी उघडून पुन्हा बसले.

इथवर सर्व शास्त्र होतं. खरी अडचण यापुढे आली. उपाय काय? सर्वांत सोपा उपाय चिपमध्येच होता. दोन्ही दारं एकाच खणावर आली की चिप एका बाजूला खूण करते, जरा थांबा. मग प्रश्न उरला, थांबायचं कोणी? बाळाचा श्वास कोणासाठी थांबत नाही, म्हणून लिहिणारी बाजू थांबू शकत नाही. वाचणारी बाजू थांबली तर पडद्याकडे पाहणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. निर्णय अगदी उघड होता. मुख्य अभियंते समजुतीनं म्हणाले, “मॅडम, एका ठोक्याचा तर प्रश्न आहे.”

“साहेब,” मॅडम म्हणाल्या, “दर वेळी एका ठोक्याचाच असतो.”

सभागृहातल्या नव्या मंडळींना या वाक्याचं वजन कळणार नाही, म्हणून सांगतो. लग्नाच्या आधी मॅडमना एका संशोधन संस्थेचं बोलावणं आलं होतं. सरांचं काम अर्ध्यावर होतं, म्हणून त्या म्हणाल्या, वर्षभरानं जाईन. मग घरातलं आजारपण, मग मुलगी, मग मुलीची शाळा. कोणी त्यांना अडवलं नव्हतं, हे त्याच मला म्हणाल्या. प्रत्येक वेळी थांबणं इतकं लहान असायचं की त्यावरून वाद घालणं हास्यास्पद ठरलं असतं.

हे त्यांनी मला केव्हा सांगितलं? त्याच दिवशी दुपारी. त्या माझ्या खोलीत आल्या आणि विचारलं, तुमच्या विभागात जागा आहे का? जागा होती. खरं सांगायचं तर असा शिक्षक मिळावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. तरी मी विचारलं, यंत्र अर्ध्यावर टाकून? त्या म्हणाल्या, माझ्या बाजूला थांबायची खूण बसवा, ती कोणीही वाचू शकेल, त्यासाठी मी कशाला हवी? सोमवारी कळवते म्हणाल्या. मी माझ्या शेजारचं टेबल पुसून ठेवलं.

सोमवारी त्या आल्या नाहीत. आले सर.

सर मला म्हणाले, तिला तुमच्याकडे यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी एकदा सभेला या. सभेत त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. म्हणाले, तिला थांबवायचं नाही, म्हणून दुसरा मार्ग शोधायला बसलो. आणि शोधताना लक्षात आलं की ती थांबली असती तरी भागलं नसतं. आपण एकाच खणाचा विचार करत होतो. पण श्वास एका खणात आहे, नाडी दुसऱ्या, प्राणवायू तिसऱ्या. प्रत्येक खणापाशी ती शहाण्यासारखी थांबली, प्रत्येक आकडा खरा वाचला, तरी श्वास या क्षणाचा आणि नाडी मागच्या क्षणाची असं होऊ शकतं. श्वास आणि नाडी दोन्ही एकदम उतरली तरच मोठी घंटा वाजते. एक जुनी आणि एक नवी वाचली, तर वाजायची घंटा वाजणार नाही.

खोटी घंटा वाईट हे आम्हाला कळलं होतं. खोटी शांतता किती वाईट, याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता.

सरांचा मार्ग असा. मेमरीत एका पानाऐवजी दोन पानं ठेवायची. एका पानावर एका क्षणाचे सगळे आकडे लिहून पूर्ण करायचे, तोवर वाचणाऱ्यानं दुसरं, आधीच पूर्ण झालेलं पान वाचायचं. मग अदलाबदल. एकाच खणावर दोघे कधी येणारच नाहीत.

मॅडम मागच्या रांगेत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “आणि माझं वाचून व्हायच्या आत तुझं पान भरलं तर? मग कोणीतरी थांबलंच की.”

सभेतला तो पहिला ‘तू’. आम्ही सर्वांनी ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. खडू मागं, मॅडमकडे, धरला. मॅडम पुढे आल्या, खडू घेतला आणि दोन चौकोनांशेजारी तिसरा काढला. एक पान लिहिलं जातंय, एक वाचलं जातंय, आणि एक ताजं, पूर्ण, वाट पाहत पडलेलं. लिहिणाऱ्याचं झालं की तो आपलं पान तिथे ठेवून तिथलं शिळं उचलतो. वाचणाऱ्याचं झालं की तो तिथलं ताजं घेतो. वाट पाहायचीच असेल तर पानानं पाहावी. माणसांपैकी कोणीही थांबायची गरज नाही. कोणतं पान ताजं, हा निरोपही दोन घड्याळांमधून जाणार, म्हणून तो पोचल्याची खूण परत आल्याशिवाय पुढचा निरोप द्यायचा नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

मुख्य अभियंत्यांनी एकच शंका काढली. तीन पानं त्या छोट्या चिपमध्ये बसतील?

सर म्हणाले, नाही बसणार. मोठी चिप घ्यावी लागेल, माझी छोटी चिप विसरा. ज्या माणसानं त्या छोट्या चिपचं कौतुक आम्हाला दोन वर्षं ऐकवलं, त्यानं ती एका वाक्यात सोडली, आणि तेही पाणी प्यावं तितक्या सहज. मॅडमनी मला बाहेर गाठून सांगितलं की ते टेबल दुसऱ्या कोणाला द्या. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

प्रमुख परिचारिका आज इथे आल्या आहेत, याचा अर्थ तुम्हीच लावा. त्यांच्या कक्षात ते यंत्र आजही आहे, आणि त्याची घंटा वाजली की अजूनही मुली धावत जातात.

आता मी मूळ प्रसंगाकडे येतो. निमंत्रणात लिहिलं आहे की दोघेही निवृत्त होत आहेत. ते पुरतं खरं नाही. मॅडम सरांहून दोन वर्षांनी मोठ्या, त्या वयानं निवृत्त होत आहेत, पण विश्रांतीसाठी नव्हे. ज्या संशोधन संस्थेनं त्यांना लग्नापूर्वी बोलावलं होतं, तिनं पुन्हा बोलावलं आहे, मेमरीच्या चाचण्यांची प्रयोगशाळा उभी करायला. गाव दूरचं आहे. पुढच्याच महिन्यात रुजू व्हायचं आहे. सरांची मात्र अजून दोन वर्षं शिल्लक आहेत, आणि विभागप्रमुखपद त्यांच्याकडेच येणार हे इथे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी स्वेच्छेनं निवृत्ती घेतली.

संचालकांनी समजावून पाहिलं, मीही पाहिलं. मॅडमना हे कळलं तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो, म्हणून पुढचं सांगू शकतो. सरांनी मला डोळ्यांनी नको म्हटलं आहे. क्षमा करा सर, आज ध्वनिक्षेपक माझ्या हातात आहे.

मॅडम म्हणाल्या, “मला विचारायचंस तरी. दोन वर्षांचा तर प्रश्न होता. मी थांबले असते.”

सर म्हणाले, “माहीत आहे. म्हणूनच विचारलं नाही.”

बंधुभगिनींनो, यानंतर माझ्यासारख्यानं समजावून सांगावं असं काही उरत नाही, आणि हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं. संस्थेच्या वतीनं मी या दोघांना मनःपूर्वक शुभेच्छा देतो. मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षमहोदयांचे, आणि घरची गोष्ट चारचौघांत सांगू दिल्याबद्दल आजींचे आभार मानतो. उत्साहाच्या भरात कोणाच्या मानापानात उणं पडलं असेल, तांत्रिक भाग लांबला असेल, किंवा जो शब्द सभागृहाबाहेर राहायला हवा होता तो आत आला असेल, तर तो माझ्या स्वभावाचा दोष समजून उदार मनानं पोटात घालावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.